नदीकाठचे अंधत्व

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली ते साल १८७५. त्याच साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात जॉन ओनील नावाच्या एका आरमारी शस्त्रवैद्याचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गोल्ड कोस्ट म्हणून वसाहत होती. आजचा घाना देश तो हाच. तेथे लोकांना असह्य खाज सुटणारा एक त्वचारोग होत असे. ओनीलने रोग्याच्या कातडीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा केसाहूनही बारीक कृमी त्यात वळवळताना दिसले. टिपणाचा विषय कातडी हा होता, डोळे नव्हे. परंतु ज्या रोगाने पुढे नद्यांच्या काठची गावेच्या गावे आंधळी झालेली जगाला दिसली, त्याच रोगाचा हा पहिला शास्त्रीय माग होता.

ह्या रोगाचे शास्त्रीय नाव ऑन्कोसर्कायसिस. इंग्रजीत त्याला 'रिव्हर ब्लाइंडनेस' म्हणतात. आपण त्याला नदीकाठचे अंधत्व म्हणू. आपल्या कृष्णा-गोदावरीच्या काठी तो नाही. मग श्रोतेहो, हा विषय आम्ही का घ्यावा? आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि त्या कामाने आम्हांस एक सवय लावली आहे. कोणताही रोग दिसला की तो कोणाला होतो, कोणत्या जागी होतो आणि काय काम करताना होतो, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. दैवाचा विचार मागाहून. हे तीन प्रश्न घेऊन आम्ही ह्या रोगाचा इतिहास वाचीत गेलो, तेव्हा आम्हांस दिसले ते असे : हा कामाच्या जागेचा रोग आहे, आणि त्याला मागे हटविले तेही काम करणाऱ्या हातांनीच. तेवढीच गोष्ट आज आपल्यापुढे मांडायची आहे.

प्रथम रोगाची ओळख. सिम्युलियम नावाची एक काळी, पाठीला पोक असलेली, चिलटाएवढी माशी आहे. मलेरियाच्या डासाला साचलेले पाणी चालते. हिला खळाळते पाणी लागते, कारण हिच्या अळ्यांना भरपूर प्राणवायू हवा असतो. नदी जेथे खडकांवर आपटत धावते, तेथे दगडांना आणि पाण्यात लोंबणाऱ्या फांद्यांना ह्या अळ्या चिकटून बसतात. माशी चावते ती दिवसाउजेडी. एकाला चावताना त्याच्या कातडीतली कृमींची पिल्ले ती शोषून घेते आणि काही दिवसांनी दुसऱ्याला चावताना त्याच्या अंगात सोडते. तेथे ती मोठी होतात आणि कातडीखाली गाठी बांधून राहतात. त्या गाठीत कृमीची मादी दहा ते पंधरा वर्षे जगते आणि असंख्य पिल्ले प्रसवते. ही पिल्ले अंगभर कातडीत हिंडतात. माणूस खाजेने हैराण होतो, रात्री झोप येत नाही, दगडाने अंग खरवडून काढतो. नडगीचा रंग जागोजाग उडून ती बिबट्याच्या कातड्यासारखी ठिपकेदार होते. काही पिल्ले डोळ्यांत शिरतात. ती तेथे मेली म्हणजे दाह होतो. आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले म्हणजे बुबुळावरचा स्वच्छ पडदा, काचेवर चुना फासावा तसा, पांढरा पडतो. एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही.

एक-दोन चाव्यांनी कोणी आंधळा होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा चावे बसावे लागतात. म्हणजे जो रोज नदीवर जातो, ज्याला गेल्यावाचून गत्यंतर नाही, त्याचाच हा रोग : काठच्या गाळाच्या जमिनीत कुदळ चालविणारा शेतकरी, जाळे टाकणारा कोळी, होडीवाला, पाणी भरणारी बाई. पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ मुलखातील सर्वांत ग्रासलेल्या गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्मे आंधळे होते. ऐन कर्तेपणाच्या वयात हातातली कुदळ सुटत असे. 'आंधळ्याची काठी' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. तेथे ते रोजचे दृश्य होते. काठीचे एक टोक बापाच्या हाती, दुसरे दहा वर्षांच्या पोराच्या हाती, आणि पोर पुढे चाललेले. ह्या दृश्याचे ब्राँझचे पुतळे आज जिनीव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या आवारात उभे आहेत. कामगाराच्या हिशेबाने पाहिले तर एका अंधत्वाने दोन माणसे कामातून गेली : बाप शेतातून आणि पोर शाळेतून.

संशोधकांनी एक गोष्ट फार बारकाईने ताडून पाहिली. नदीला सर्वांत जवळ असलेल्या गावांना त्यांनी पहिल्या फळीची गावे म्हटले. माशा किती होणार हे नदी ठरविते. ते चावे वाटले जातात माणसांत. गाव मोठे आणि दाट वस्तीचे असेल तर प्रत्येकाच्या वाटणीला चावे थोडे येतात. गाव लहान आणि विखुरलेले असेल तर तोच भार मोजक्या अंगांवर पडतो. काही माणसे आंधळी झाली, काही गाव सोडून गेली, की उरलेल्यांचा वाटा वाढतो. मग आणखी आंधळे, आणखी स्थलांतर, आणि शेवटी गाव मोडते. हे गणित कामगारांना निराळे शिकवावे लागत नाही. खात्यातली माणसे कमी केली आणि काम तेवढेच ठेवले, म्हणजे उरलेल्यांच्या अंगावर काय येते हे आपण जाणतो.

घानाच्या उत्तर टोकाला रेड व्होल्टा नदीच्या परिसरात नांगोडी नावाचा मुलूख आहे. जॉन हंटर ह्या भूगोलतज्ज्ञाने १९६६ साली त्या मुलखाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे अनुमान असे : उंचावरची जमीन माणसांनी दाटली आणि तिचा कस गेला, की लोक नदीकडे सरकत. तेथे जमीन मिळे, पण हळूहळू डोळे जात. मग वस्ती पुन्हा मागे, त्याच झिजलेल्या जमिनीवर. अशी ही वस्तीची भरती-ओहोटी. शेतकऱ्यापुढे निवड होती ती पोट आणि डोळे यांच्यातली. वरकरणी पाहणाऱ्याला ओस खोरी दिसत आणि वाटे की हे लोक आळशी आहेत, चांगली जमीन पडीक टाकतात. पडीक जमिनीमागे किती डोळे गेले होते हे त्याला कोठून दिसणार?

सारा दोष माशीच्या माथी मारणेही रास्त नव्हे. गुलाम पकडण्यासाठी पडणाऱ्या धाडी आणि लढाया यांनीही ह्या खोऱ्यांतून माणसे हटविली. पुढे परकी राज्यकर्ते आले, त्यांनी ह्या प्रदेशाकडे मजुरांचे कोठार म्हणून पाहिले. फ्रेंचांनी १९१९ साली अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, ही वसाहत स्थापन केली; १९३२ साली ती मोडून तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना जोडले. आयव्हरी कोस्टच्या मळ्यांना माणसे हवी होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. फ्रेंच आफ्रिकेतील सक्तीची मजुरी कायद्याने बंद झाली ती १९४६ साली, फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांच्या विधेयकाने. इंग्रजांच्या गोल्ड कोस्टमध्येही उत्तरेकडचे तरुण दक्षिणेच्या खाणींत आणि कोकोच्या बागांत राबत. आता वरचे गणित आठवावे. ज्या गावातून तरुण मजुरीला नेले जातात, त्या गावात मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला चावे वाढतात. नेमके किती अंधत्व ह्या मजूरभरतीने वाढविले ते मोजून सांगता येणार नाही, पण दिशा कोणती होती हे उघड आहे.

दरम्यान शास्त्राची पावले पडत होती, पण सुटी सुटी. ग्वाटेमालात रोडोल्फो रोब्लेस यांनी १९१५ साली गाठीतील कृमी आणि डोळ्यांचा विकार यांचा संबंध जोडला. सिएरा लिओनमध्ये डोनाल्ड ब्लॅकलॉक यांनी १९२६ साली दाखविले की ह्या कृमीचा वाहक ही काळी माशीच आहे. बेल्जियन काँगोत १९३२ च्या सुमारास झां इसेत यांनी ह्या रोगाने आंधळे झालेल्यांची गावे पाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरोल्ड रिडली हे इंग्रज नेत्रवैद्य गोल्ड कोस्टमध्ये होते. त्यांनी उत्तरेकडच्या रोग्यांचे डोळे तपासून १९४५ साली सविस्तर प्रबंध लिहिला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ती १९४९ साली काढणारे रिडली ते हेच. आज आपल्या घराघरांतील वडीलधारी मंडळी त्या भिंगातून वर्तमानपत्र वाचतात. हत्ती आणि आंधळे ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. येथे एकाच्या हाती कातडी आली, एकाच्या गाठ, एकाच्या माशी, एकाच्या डोळा. अख्खा हत्ती दिसायला सत्तर वर्षे लागली.

हत्ती दिसला, तरी तो हलेना. सुरामिन हे औषध मोठे कृमी मारी, पण विषारी होते. डायइथिलकार्बामेझिन हे औषध १९४७ साली अमेरिकेत आपल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालील संशोधकांनी पुढे आणले. हत्तीरोगावर ते गुणकारी ठरले, पण ह्या रोगात पिल्ले एकदम मेल्याने डोळ्यांना उलट इजा होऊ शके. ह्या दुखण्याकडे जगाचे लक्ष वळविणाऱ्यांत जॉन विल्सन हे नाव मोठे आहे. शाळेतील प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटाने बाराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. १९५० साली त्यांनी अंधांसाठी संस्था काढली आणि पत्नी जीन यांच्यासह घानाच्या उत्तर भागातील गावे पायाखाली घातली. 'रिव्हर ब्लाइंडनेस' हा सर्वांना समजेल असा शब्द जीनबाईंचा. विल्सन यांच्याच प्रेरणेतून पुढे मुंबईची इम्पॅक्ट इंडिया ही संस्था उभी राहिली आणि १९९१ साली जीवनरेखा एक्सप्रेस ही रुग्णालयाची आगगाडी आपल्या रुळांवर धावू लागली.

रोग्याला सुरक्षित औषध नाही, तर माशीच्या अळ्या माराव्यात, असा मार्ग बोबो-डिउलासो येथे काम करणाऱ्या रने ल बेर आदी फ्रेंच कीटकशास्त्रज्ञांनी धरला. १९७२ साली जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा अप्पर व्होल्टात आले आणि काठीला धरून चाललेली माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था यांनी मिळून मोहीम सुरू केली. प्रथम सात देश त्यात होते. पुढे अकरा झाले. हेलिकॉप्टरे दर आठवड्याला नद्यांवर फिरत आणि खळाळत्या पाण्यात अळीनाशक सोडीत. आठवड्यालाच का? कारण साधारण तेवढ्या अवधीत अळी पुरी वाढते. हे किती वर्षे करायचे? माणसाच्या अंगातली मादी मरेपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरा वर्षे. १९८० साली आयव्हरी कोस्टमध्ये अळ्या त्या औषधाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा निरनिराळी औषधे आलटून पालटून वापरावी लागली. माशा वाऱ्यावर शेकडो किलोमीटर वाहत येत, म्हणून मोहिमेची हद्द गिनी, सिएरा लिओन, सेनेगलपर्यंत वाढवावी लागली.

हेलिकॉप्टरांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. पण हेलिकॉप्टर कोठे पाठवायचे, हे कोण ठरवी? त्यासाठी नदीच्या काठी माणसे बसविलेली असत. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, आळीपाळीने, पाय गुडघ्यापर्यंत उघडे टाकून ती बसत. माशी पायावर बसली की ती चावण्याच्या आत काचेच्या नळीत पकडायची. दिवसाकाठी माशा किती आल्या, त्यांतील कितींच्या अंगात कृमी निघाले, यावरून त्या नदीची अवस्था कळे. श्रोतेहो, ज्या चाव्याने लोक आंधळे होत, त्याच चाव्यापुढे अकरा तास पाय पसरून बसणे, हे त्या मोहिमेतील एक काम होते. आकाशात उडणाऱ्या यंत्राची दिशा जमिनीवर बसलेल्या ह्या माणसांच्या नडग्यांनी ठरविली. मोहिमेच्या गौरवग्रंथांत त्यांची नावे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

दुसरा मार्ग अनपेक्षित दिशेने उघडला. जपानात सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळची माती तपासली. तिच्यातील सूक्ष्मजंतूपासून अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध काढले. ते आधी गुराढोरांसाठी विकले गेले आणि कंपनीने त्यावर रग्गड पैसा मिळविला. १९८१ साली सेनेगलमधील डाकार येथे मोहम्मद अझीझ यांच्या देखरेखीखाली ह्या रोगाच्या माणसांवर त्याची पहिली चाचणी झाली. पिल्ले हळूहळू नाहीशी झाली आणि डोळ्यांना इजा झाली नाही. ज्यांना हे औषध हवे होते त्यांच्याजवळ पैसे नव्हते, आणि त्यांच्या वतीने ते विकत घेणारे सरकारही पुढे येईना. १९८७ साली कंपनीने जाहीर केले की ह्या रोगासाठी ते लागेल तितके, लागेल तितकी वर्षे फुकट देऊ. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. श्रेय ज्याचे त्याला द्यावे. आम्ही त्यात कंजूषी करीत नाही.

पण गोळी कारखान्यातून निघाली म्हणजे माणसाच्या पोटात गेली असे होत नाही. हे औषध पिल्ले मारते. गाठीतील मोठा कृमी त्याने मरत नाही. म्हणून वर्षातून निदान एकदा, दहा-पंधरा वर्षे, गावातील बहुतेक सर्वांनी ते घ्यावे लागते. पहिल्या पहिल्याने फिरती वैद्यकीय पथके गावोगाव जात; पण हजारो गावांना पथके पुरेनात, आणि पथक आले त्या दिवशी शेतावर गेलेला माणूस वर्षभर तसाच राही. मग १९९० नंतरच्या दशकात निराळी रीत पाहिली गेली. गावाने सभा भरवावी, आपल्यातून वाटप करणारी माणसे निवडावी, कोणत्या महिन्यात वाटायचे तेही गावानेच ठरवावे. वजनकाटा नको, खुणा केलेली एक काठी उभी करायची आणि उंचीवरून गोळ्या किती ते ठरवायचे. गरोदर बाई, आजारी माणूस आणि लहान मूल यांना वगळायचे, नोंदवहीत नाव लिहायचे. पथकांपेक्षा गावांनी हे काम चांगले केले, असे अनुभवास आले. १९९५ साली सुरू झालेल्या आणि २०१५ पर्यंत चाललेल्या दुसऱ्या आफ्रिकी मोहिमेचा हीच रीत कणा झाली. एके काळी काठी होती ती आंधळ्याला धरून नेण्यासाठी. आता काठी आली ती मात्रा मोजण्यासाठी.

फळ काय मिळाले? अकरा देशांतील पहिली मोहीम २००२ साली संपली तेव्हा सुमारे चार कोटी लोकांना संरक्षण मिळाले होते, सहा लाख माणसांची दृष्टी वाचली होती, आणि जवळजवळ अडीच कोटी हेक्टर जमीन वस्तीला व शेतीला मोकळी झाली होती, असा अंदाज दिला जातो. खर्च आला वर्षाला माणशी एका डॉलरहून कमी. जानेवारी २०२५ मध्ये नायजर देशात ह्या रोगाचा फैलाव थांबल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आफ्रिकेत असा तो पहिलाच देश. मोकळ्या जमिनीनेही नवे प्रश्न उभे केले. बुर्किना फासोच्या खोऱ्यांत १९७४ नंतर सरकारी वसाहती झाल्या, त्याहून अधिक लोक आपण होऊन येऊन वसले. आणि गुरे चारणाऱ्या फुलानी लोकांची कुरणे त्यात आकसली. डोळे वाचले म्हणजे न्याय झाला असे होत नाही. पण डोळे वाचल्यावाचून न्यायाची गोष्टही निघत नाही.

आता शेवटचा हिशेब. गोळी फुकट मिळाली, हे सर्वांच्या तोंडी आहे. ती वाटणारे हातही बहुतांशी फुकटच राबले, हे थोड्यांच्या तोंडी आहे. गाव आपल्या वाटपकर्त्याला धान्य देईल, शेतात मदत करील, अशी अपेक्षा होती. पुष्कळ ठिकाणी तसे घडले नाही. पेरणीचे दिवस बुडवून घरोघर हिंडणारा माणूस एक वर्ष धर्म म्हणून करील, दोन वर्षे करील. पंधरा वर्षे कसा करील? तो थकला की नोंदवही बंद पडते. माशी तर नदीवर आहेच. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ च्या यादवीत काम थांबले, आणि शांततेनंतर सारे पुन्हा उभे करावे लागले. हा रोग पुरता संपण्यापूर्वी जेथे काम सुटते, तेथे तो परत येतो. म्हणून वाटपकर्त्याच्या मोबदल्याचा प्रश्न हा केवळ भूतदयेचा नाही. रोग संपणार की नाही, हा तो प्रश्न आहे.

आणि येथे ही दूरची गोष्ट आपल्या दाराशी येते. तेच आयव्हरमेक्टिन २०१९ साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत इतर दोन औषधांबरोबर दिले गेले. येथेही मात्रा उंचीवरून, येथेही घरोघर फिरणाऱ्या आशा आणि आरोग्य कर्मचारी, येथेही समोर गोळी गिळवून नोंदवहीत खूण. त्या आशांना वेतन नाही. त्यांना मिळते ते मानधन आणि कामागणिक मोबदला. जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, महाराष्ट्रातील हजारो आशा संपावर गेल्या, तेव्हा सेवाभावाचे काय झाले, असे पुष्कळांनी विचारले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपली म्हण जुनी आहे. पश्चिम आफ्रिकेच्या ह्या इतिहासात दळणारे आंधळे नव्हते. पूर्ण डोळस होते, आणि शेजाऱ्याचे डोळे राहावेत म्हणून दळीत होते. पीठ कोणी नेले, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.

तेव्हा आपल्या दारी गोळ्या घेऊन जी बाई येईल, तिच्यासमोर गोळी घ्यावी, ही आमची पहिली विनंती. आणि तिला महिन्याकाठी किती मिळतात, ते वेळेवर मिळतात का, हे तिला विचारावे, ही दुसरी.